लियाँची टपालगाडी

रज्जूच्या ठायीं सर्पाचा भास होणें, हें वेदान्त्यांचें आवडतें उदाहरण आहे. दिवा आणतांच तो भास मावळतो. परंतु असा भास साक्षीदाराच्या डोळ्यांस झाला आणि दिवा येण्यापूर्वींच शिक्षा अमलांत आली, तर काय अनर्थ ओढवतो, हें फ्रान्सांतील एका जुन्या खटल्यावरून कळून येतें.

इ. स. १७९६ च्या एप्रिलांत, २७ तारखेच्या रात्रीं, पॅरिसहून लियाँस निघालेली टपालगाडी वाटेंत लुटली गेली. गाडींत बोनापार्टच्या इटलींतील सैन्याकरितां पाठविलेलें सुमारें ७० लक्षांचें कागदी चलन होतें. टपाल नेणारा कामगार व घोडे हांकणारा, दोघेही ठार झालेले आढळले. एकुलता एक प्रवासी मात्र बेपत्ता होता. तो दरोडेखोरांचाच सोबती निघाला. घोड्यांच्या मागावरून कुरिओल नांवाचा इसम लुटीच्या पैशासह पकडला गेला.

येथपर्यंत तपास सरळ चालला. पुढें जोसेफ लेसुर्क हा खाऊनपिऊन सुखी, बायकामुलांचा धनी गृहस्थ एका मित्राच्या सोबतीनें सहज न्यायाधीशाच्या कचेरींत गेला. तेथें साक्षीसाठीं बसलेल्या खाणावळींतील दोन स्त्रियांनीं, "त्या दिवशीं आलेल्या स्वारांपैकीं हाच एक," असें सांगितलें. झालें! लेसुर्क आरोपी ठरला.

तो त्या दिवशीं पॅरिसांतच होता, असें सांगणारे साक्षीदार पुष्कळ होते. परंतु त्यांतील एका जवाहिऱ्यानें पुराव्यास आणलेल्या वहींत तारीख खोडून बदललेली निघाली. एका नासक्या आंब्यानें सारी अढी नासावी, तशी त्या खाडाखोडीनें इतरांचीही साक्ष फुकट गेली. लेसुर्कला देहांताची शिक्षा झाली.

शिक्षा ऐकतांच कुरिओलनें सांगितलें कीं, लेसुर्क निर्दोष आहे. खरा अपराधी दुबोस्क. तो सोनेरी केसांचा टोप घालीत असल्यानें साक्षीदार फसले. अपील झालें; पण वरिष्ठ न्यायालयाचें काम कायद्याची रीत पाळली गेली कीं नाहीं, एवढेंच पाहण्याचें; पुरावा पुन्हां तोलण्याचें नव्हे. दयेचा अधिकार १७९१ च्या दंडसंहितेनेंच काढून टाकला होता. कार्यकारी मंडळानें प्रकरण विधिमंडळाकडे धाडलें; तेथेंही नकारच मिळाला. ३० ऑक्टोबर १७९६ रोजीं लेसुर्कचा शिरच्छेद झाला.

पुढें दुबोस्कही सांपडला व मृत्युदंड पावला. चालून आलेले स्वार चार, प्रवासी पांचवा, घोडे पुरविणारा सहावा. पण या गुन्ह्यापायीं शिरें उतरलीं सात! लेसुर्कच्या वंशजांनीं त्याचा कलंक धुण्यासाठीं कित्येक वर्षें खटपट केली. १८६७ सालीं मृतांच्याही निकालांचा फेरविचार करण्याचा कायदा झाला; तथापि १८६८ सालीं त्यांचा अर्ज फेटाळला गेला. दोन्ही निकाल परस्परविरोधी नाहींत, असें न्यायालयाचें म्हणणें. लेसुर्कच्या निर्दोषत्वाविषयीं इतिहासकारांत आजही एकमत नाहीं. पण संशय उरला असतां घेतलेला प्राण परत देतां येत नाहीं, याविषयीं दुमत कशाला?

आपल्याकडे सत्र न्यायालयानें दिलेली मृत्यूची शिक्षा उच्च न्यायालयानें कायम केल्यावांचून अमलांत येत नाहीं. २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेंतही हा नियम टिकून आहे. उच्च न्यायालय तेथें केवळ रीत पाहून थांबत नाहीं, तर पुरावाही स्वतः तोलून पाहतें. त्यापुढें सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्रपतींचा दयेचा अधिकार आहेच.

मालमोटार लुटून चालकास मारल्याची वार्ता वाचतांच, "अपिलें कसलीं? ही तर गुन्हेगाराची पळवाट!" असे उद्गार घरोघर निघतात. मृताच्या अनाथ मुलांकडे पाहतां तो संताप स्वाभाविक आहे. परंतु त्या मुलांनाही न्याय मिळतो, तो खऱ्या अपराध्यास शासन झालें तरच. अपील म्हणजे रज्जूवर धरलेला दिवा होय. तो आणण्यास लागणारा वेळ वायां गेला, असें सुज्ञानें समजूं नये.