छातीत आणि पाठीत

मिरकरवाड्याच्या जेटीवरून बर्फात भरलेली मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या गाड्या हातखंबा, चिपळूण, कशेडी, महाड करीत माणगावला येतात. तिथे तहसील कचेरीपाशी एका सैनिकाचा पुतळा आहे: नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पराक्रम केला आणि तिथेच पडले, एवढे कोकणात पुष्कळांना ठाऊक असते. त्यांचा जीव कोणी घेतला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. घाडग्यांना स्नायपरांनी टिपले.

स्नायपरांच्या गोष्टींचा नाद एकदा लागला की सुटत नाही. फिनलंडचा सिमो हायहा दुर्बिणीशिवाय, साध्या माशीवर नेम धरायचा; दुर्बिणीसाठी डोके वर काढावे लागते आणि तिची काच चमकते, हे त्याचे कारण. १९३९-४० च्या हिवाळ्यात सुमारे शंभर दिवसांत त्याच्या नावावर पाचशेच्या वर बळी लागले. ६ मार्च १९४० रोजी जबड्यात गोळी लागूनही तो वाचला आणि २००२ पर्यंत जगला. सोव्हिएत ल्युदमिला पाव्लिचेन्कोचे ३०९. कॅनडाच्या ओजिब्वे जमातीतला फ्रान्सिस पेगामागाबो, पहिल्या महायुद्धातले ३७८. स्टालिनग्राडच्या वासिली झायत्सेव्हचे २२५, शिवाय मेजर क्योनिग नावाच्या जर्मन उस्तादाशी झालेले ते प्रसिद्ध द्वंद्व. या क्योनिगचा जर्मन दप्तरात मागमूस नाही, तरी गोष्ट सांगितली जातेच. अशा सगळ्या चरित्रांत आकडा पुढे आणि मेलेला माणूस बेपत्ता. म्हणून ज्याला गोळी लागली, त्याच्या बाजूने एक गोष्ट वाचायला हवी. ती कोकणातल्याच माणसाची आहे.

नोव्हेंबर १९४४ मध्ये ‘लंडन गॅझेट’मध्ये घाडग्यांचे गौरवपत्र छापून आले. मजकूर अगदी थोडका, पण त्यात एकही शब्द फुकट नाही. तारीख १० जुलै १९४४, ठिकाण टायबर नदीचे वरचे खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतली एक कंपनी शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चढाई करीत होती. घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सगळे मेले किंवा जखमी झाले, उरले ते एकटे घाडगे. सोबत यायला कोणी उरलेले नाही हे त्यांना पुरते माहीत होते, असे गौरवपत्र मुद्दाम नोंदवते. तरीही ते धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले. टॉमीगनने आणखी एकाला उडवले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक उलटी, नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. ती बंदूक पाच किलोंच्या आसपास वजनाची आणि नळी नुकत्याच झाडलेल्या गोळ्यांनी तापलेली. पळसगाव आमडोशीचा हा शेतकरी मुलखातला पोरगा तेव्हा बावीस वर्षांचा होता.

मग शेवटाकडे हे वाक्य येते. शत्रूच्या स्नायपरांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला.

पाठीत. वीराच्या जखमा छातीवर हव्यात हे आपल्याकडे पोवाड्यांनी मनात इतके रुजवले आहे की हा शब्द मराठी वाचकाला खटकतो. समारंभातल्या भाषणांत तो वगळला तर नवल नाही. पण सारे प्रकरण त्याच शब्दात आहे. गौरवपत्रात स्नायपर अनेकवचनी आहेत. छातीवरची आणि पाठीवरची अशा दोन्ही जखमा एकत्र वाचल्या की जागा डोळ्यांसमोर उभी राहते: मोर्चा हाती आला, पण तो अजून नेमाखाली होता. घाडगे वळले किंवा दुसऱ्या अंगाने गोळी आली, एवढेच त्यातून निघते. पळणारा माणूस जिंकलेल्या मोर्चात मरत नाही. ती पाठीवरची जखम झाकण्याचे काहीएक कारण नाही.

आणि स्नायपर तिथे असणारच होते. ४ जूनला रोम, २० जूनला पेरुजिया पडले होते. जर्मन सैन्य उत्तरेकडच्या गॉथिक फळीकडे सरकत होते, पण प्रत्येक टेकडी वेळ विकत घेऊन मगच सोडत होते. पुढे मशीनगन, आसपास लपलेले नेमबाज: मशीनगनवर धावून येणारा माणूस शेवटी उघड्यावर येतो, तेव्हा त्याला टिपायचे. घाडग्यांनी मशीनगन बंद पाडली, पण दुसरा सापळा त्यांना दिसला नसावा. त्यांना मारणाऱ्यांचे नाव त्या कागदावर नाही, आकडाही नाही.

घाडग्यांची ज्ञात कबर नाही. त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. जुलै २०२३ मध्ये पेरुजिया प्रांतातल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले, सगळे एकाच सूर्याखाली राहतात अशा अर्थाच्या लॅटिन ओळीसह. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक मेले. तिथे दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांचे, आणि त्यांत तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांचाही एक. तो मिळाला तेव्हा ते हयात होते.

परक्या देशातले एक छोटे गाव इतके करते, तर रायगड-रत्नागिरीच्या शाळांनी एक गोष्ट जरूर करावी. दर १० जुलैला ते गौरवपत्र मराठीत, पूर्ण, पाठीवरच्या जखमेसकट मुलांना वाचून दाखवावे.