खो ऐकू आला की बटण दाबा



मागच्या हिवाळ्यात आम्ही गटातल्या पाचजणी शाळेच्या मैदानावर गेलो होतो. खो-खोची तालुका स्पर्धा होती आणि आमच्यातल्या तिघींच्या मुली संघात होत्या. मोबाईलवर दोनशेच्या आसपास फोटो काढले. घरी येऊन बघतो तर निम्म्यांत धूळ, निम्म्यांत नुसत्या पाठी. पळणारी पोर म्हणजे एक पांढरा पट्टा. नीट आला तो एकच फोटो, बक्षीस घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या मुलींचा.

तो बघून एका मुलीची आजी म्हणाली, "उभी तर दिसते. खेळली कुठं?" त्या घरात तेव्हा मुलीचा खेळ बंद करायचं बोलणं चाललं होतं. नववीत गेली, आता पुरे. आजीचं बोलणं आम्हाला लागलं. पोर कशी खेळते ते घरानं कधी पाहिलंच नव्हतं, आणि दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं. मग आम्ही रोजच्या सरावाला जाऊन, चुकत चुकत शिकलो. ते आज तुम्हाला सांगतो.

आधी फोटो हलतो का, ते समजून घेऊ. कॅमेऱ्याचा डोळा फोटो काढताना क्षणभर उघडतो. उजेड भरपूर असेल तर पटकन मिटतो, उजेड कमी असेल तर जास्त वेळ उघडा राहतो. सेकंदाला पाच-सहा मीटर धावणारी मुलगी सेकंदाच्या तिसाव्या भागात जवळजवळ वीतभर पुढं जाते. तेवढा पट्टा फोटोत उमटतो. डोळा सेकंदाच्या हजाराव्या भागातच मिटला, तर ती अर्धा सेंटिमीटरच सरकते आणि फोटो स्वच्छ येतो.

म्हणून पहिली गोष्ट, उजेड. दिवेलागणीला काढलेला फोटो हलणारच. सकाळी किंवा दुपारी चारच्या सुमारास काढा, आणि सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. फोनमध्ये 'प्रो' नावाची सोय असेल, तर तिथं शटरचा आकडा १/१००० ठेवता येतो. फ्लॅश बंदच ठेवा. तो लांब पोचत नाही आणि मुलींच्या डोळ्यांवर येतो.

दुसरी गोष्ट, काच. पिशवीत, कमरेला राहून फोनच्या काचेवर पिठाचा, तेलाचा हात लागलेला असतो. स्वच्छ सुती कापडानं आधी पुसा.

तिसरी, बोटांनी चित्र मोठं करू नका. त्यानं फोटो फाटल्यासारखा दिसतो. आपणच जवळ जावं, पण मैदानाच्या रेषेबाहेर, मुलींच्या वाटेत न येता. आणि तिथं खाली बसावं. उभ्यानं काढला की डोकीच दिसतात. बसून काढला की चेहरा दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही आधी पळणाऱ्या मुलीच्या मागे फोन फिरवत होतो. ती पुढं, आम्ही मागं. मग खेळ नीट बघितला, तेव्हा लक्षात आलं की खो-खोत पुढं काय होणार हे बरंचसं आधी कळतं. आठजणी पाटीवर बसलेल्या असतात, एक या बाजूला तोंड करून, दुसरी त्या बाजूला. उठणारी आपलं तोंड असेल त्याच बाजूला धावणार. मधली पाटी ओलांडायची तिला मुभा नाही, खांबाला वळसा घालूनच पलीकडे जावं लागतं. आणि पाठीला हात लागून 'खो' ऐकू आल्याशिवाय बसलेली उठत नाही.

म्हणजे हा फोटो आधी कानानं काढायचा. एका बसलेल्या मुलीवर फोन धरून थांबायचं, 'खो' ऐकू आला की बटण दाबायचं. ती उसळून उठते, तोच क्षण मिळतो.

दुसरी जागा खांबाची. तिथं वळसा होतो, तिथंच सूर मारला जातो. पडद्यावर खांबावर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये कुलपाची खूण येते. मग कॅमेरा तिथंच नजर ठेवतो. मुलगी खांबाजवळ पोचायच्या जरा आधी बटण दाबून धरा. काही फोनमध्ये त्यानं पटापट दहा-वीस फोटो निघतात, काहींत बटण बाजूला किंवा खाली ओढावं लागतं. आपल्या फोनमध्ये काय चालतं ते घरी कोंबडी पळवून बघा! नंतर एक चांगला ठेवायचा, बाकीचे पुसायचे, नाहीतर फोन भरतो.

एक काळजी मात्र घ्या. मुलींना आणि सरांना विचारूनच फोटो काढा. पडताना, सूर मारताना कपडे विस्कटलेले दिसत असतील, तर तो फोटो तिथंच पुसा. नाव, शाळा लिहून मोठ्या ग्रुपवर टाकू नका. घरच्यांपुरता ठेवा.

महिनाभरानं त्या मुलीचा सूर मारतानाचा फोटो मिळाला. दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, हात समोरच्या मुलीच्या पाठीपासून चार बोटं लांब. आजीनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "पडली का गं?" आई म्हणाली, "पडली नाही आत्या, गडी बाद केला." आणि तिनं सासूला अख्खा खेळ समजावून सांगितला. महिनाभर मैदानावर बसून तो तिला पाठ झाला होता.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. हेही आईनं त्या दिवशी घरात सांगितलं.

दहावीचं काय करायचं ते त्या घरात अजून ठरलेलं नाही. पण यंदा मुलगी संघात आहे, आणि सामना कधी आहे हे आता आजीच विचारते.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एक संध्याकाळ मैदानावर जा. पहिल्या दिवशी फोन पिशवीतच राहू द्या. आधी खेळ बघा.