कूलर केवढा घ्यायचा?

समजा तुमचं घर डोंगरकड्याला आहे. हिंगोली जिल्हा, तालुका कळमनुरी. हळद शिजवायचे दिवस सरलेत, परीक्षाही संपल्यात, आणि ऊन असं तापलंय की दुपारी अंगणात अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. मागच्या पडवीतून जुना कूलर ओढून काढला, तर तळ गंजून त्याची पार चाळण झालेली!

बाबा म्हणाले, "आता नवाच घेऊत."

दादानं लगेच उडी मारली. "मग सगळ्यात मोठ्ठा घेऊत!"

आजी म्हणाली, "होता तेवढाच घ्या रे, इतकी वर्षं पुरला की."

तुम्ही कुणाच्या बाजूचे? थांबा, घाई करू नका. दोघांचंही चुकतंय, बरं का!

आधी कूलर करतो काय ते बघू. माठातलं पाणी गार का होतं, हे तुम्हांला ठाऊक आहे. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी उष्णता ओढून घेतं. कूलरमध्येही तेच. पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो आणि गार करून आत सोडतो. १ लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्च होते ना, तेवढ्यात ७ लिटर साधं पाणी उकळीला आलं असतं! म्हणजे गारवा देतं ते पाणी. पंखा नुसता हमाल.

पण हवा किती गार होणार, हे कूलरच्या हातात नसतं. शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन तापमापक मागून घ्या. (घरातला तापाचा नको, तो उन्हात फुटेल.) एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा, दुसरा कोरडाच ठेवा, आणि दोन्ही सावलीत वाऱ्यावर टांगा. कोरडा ४२ अंश दाखवत असेल आणि हवेत दमटपणा २० टक्केच असेल, तर ओला साधारण २४ वर येऊन थांबेल. चांगला कूलर या दोन आकड्यांमधलं पाऊण ते चार पंचमांश अंतर कापतो. म्हणजे आत येणारी हवा २८ अंशांच्या आसपास. तोच कूलर रत्नागिरीच्या आत्याकडे नेला, तर? तिथे हवा ३३ अंश आणि दमटपणा ७० टक्के असेल, तर ओला तापमापकच २८ च्या वर राहील. जेमतेम चार अंशांचा फरक! म्हणून मराठवाडा, विदर्भ ही कूलरची राज्यं, कोकण नव्हे.

आता टेप घ्या. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. गुणाकार करा : १२०० घनफूट. कूलरवाल्यांचा ठोकताळा असा की, खोलीतली हवा दर दोन मिनिटांनी पूर्ण बदलावी. म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा. खोक्यावर बहुधा तासाला किती घनमीटर ते लिहिलेलं असतं, त्या हिशेबात हे झाले जवळपास १०२०. हा आकडा वहीत लिहून घ्या, दुकानात उपयोगी पडेल.

पण डोक्यावर छत कसलं आहे, हेही बघायला हवं. आजीचा कूलर पुरला तो माळवदाच्या घरात. ते जाड मातीचं छप्पर तापायलाच संध्याकाळ व्हायची! आता तिथे पत्रे आहेत आणि पत्रा दहा वाजताच पेटतो. अशा खोलीतली हवा मिनिटाला एकदासुद्धा बदलावी लागते, म्हणजे कूलर दुप्पट. दाराशी लिंब होता तो तोडला असेल, तर अजून भर. म्हणून म्हणतो, जुन्या कूलरचं माप पुन्हा घेऊ नये. तो कूलर जुन्या घराला बेतलेला होता.

मग दादाचं बरोबर? छे! पाण्याचं काय? ४२ अंशांच्या उन्हात १०२० घनमीटरवाला कूलर तासाला ६-७ लिटर पाणी पितो. दुपारचे पाच तास चालला, तर साधारण ३३ लिटर. दुप्पट कूलरला ६६. बोअरनं मान टाकली, की मे महिन्यात ते पाणी आणणार कोण? कूलर निवडतो दादा आणि हापशावर रांगेत उभी राहते ताई, असं बऱ्याच घरी चालतं. (मला तर वाटतं, कूलर केवढा घ्यायचा हे पाणी भरणाऱ्यालाच ठरवू द्यावं.) पंख्याचा वेग कमी ठेवला तर पाणी कमी लागेल, हे खरं. पण मग मोठ्याला जास्तीचे पैसे मोजले कशाला?

त्यापेक्षा आधी पत्र्याला वरून दाट पांढरा चुना द्या आणि खालून ताट्यांचं छत बांधा. उष्णता आत आलीच कमी, तर लहान कूलरही भागवतो. आणि समोरची खिडकी उघडी हवी! बंद खोलीत ओली हवा कोंडते, पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं आणि माणसाचा घाम वाळत नाही.

पुण्याच्या मावशीकडे एसी आहे, "दीड टनाचा". म्हणजे वजन नव्हे हं! यंत्रं नव्हती तेव्हा गारव्यासाठी बर्फच लागायचा. १८३३ मध्ये तर अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ भरून एक जहाज थेट कोलकात्याला आलं होतं. अमेरिकन टन म्हणजे ९०७ किलो. तेवढा बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता ओढतो, तो यंत्राचा '१ टन'. इथेही मोठा तो चांगला असं नाही. खोलीच्या मानाने एसी फार मोठा असेल, तर हवा झटकन गार होते, यंत्र बंद पडतं आणि दमटपणा तसाच राहतो. गंमत म्हणजे १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी हे यंत्र आखलं, ते दमटपणा काढण्यासाठीच. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात हवेतल्या ओलीनं कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही!

तर वहीतले आकडे घेऊन बाबांबरोबर दुकानात जा. दुकानदार मोठ्याकडे बोट दाखवेल, तेव्हा तासाला किती घनमीटर आणि टाकीत किती लिटर, हे दोनच प्रश्न विचारा. आणि मृग लागल्यावर कूलर गारवा देईनासा झाला, तर त्याला नावं ठेवू नका. तेव्हा हवाच ओली असते. पाण्याची मोटार बंद करा आणि नुसता पंखा चालू ठेवा.