गाजरगवताच्या प्रसाराचा हिशेब

भातकुली तालुक्याचा बराचसा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. जमीन भारी व काळी, परंतु विहिरींचे पाणी खारे. त्यामुळे कापूस, तूर, सोयाबीन व हरभरा ही येथील पिके मुख्यत्वेकरून पावसाच्या ओलीवरच येतात. ही ओल पिकांच्याच वाट्यास जावयास हवी. तथापि धुरे, पांदणी, उकिरडे व ई-क्लासच्या पडीक जमिनींवर माजणारे गाजरगवत वावरात शिरून या ओलीत वाटेकरी होते. शिवाय त्याच्या स्पर्शाने निंदणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या अंगास खाज सुटते व चट्टे उठतात. परागामुळे कित्येकांस दम्याचा त्रास होतो.

हे तण मूळचे अमेरिका खंडातील, मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातील आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुणे येथे त्याची नोंद झाली व पुढे ते देशभर पसरले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आले या समजुतीने लोक त्यास 'काँग्रेस गवत' म्हणू लागले. एक जोमदार झाड पंधरा ते पंचवीस हजार बी देऊ शकते. ओल मिळताच बी रुजते आणि महिना-दीड महिन्यात झाडास फुले येतात.

हिशेब कसा मांडतात?

तणाचा प्रसार कोठे व किती वेगाने होईल, याचा अंदाज शास्त्रज्ञ गणिताच्या साहाय्याने बांधतात. पिकाचा अंदाजपत्रक मांडावा त्याप्रमाणे ते तणाच्या जीवनक्रमाचे आकडे मांडतात. १९८५ साली सदर्स्ट व मेवाल्ड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 'क्लायमेक्स' ही पद्धत प्रसिद्ध केली. वनस्पतीस कोणते उष्णतामान व किती ओल मानवते हे ठरवून, तिला अनुकूल असे इतर प्रदेश या पद्धतीने नकाशावर दाखविता येतात. गाजरगवतासाठीही तिचा उपयोग झालेला आहे. परंतु असा नकाशा प्रदेशापुरता बोलतो. कोणत्या धुऱ्यावरील तण आधी काढावे हे तो सांगत नाही. त्यासाठी दुसरा हिशेब उपयोगी पडतो.

आधी लहान ठिपके

मूडी व मॅक या अमेरिकन संशोधकांनी १९८८ साली असे दाखवून दिले की, तणाच्या एका मोठ्या पट्ट्यावर सर्व बळ खर्च करण्यापेक्षा दूर दूर उगवलेले लहान ठिपके आधी नष्ट करणे अधिक लाभाचे असते. याचे कारण सोप्या उदाहरणाने कळेल. समजा, पडीक जमिनीवर ५० मीटर त्रिज्येचा गाजरगवताचा एक गोल पट्टा आहे. गावच्या शिवारात इतरत्र १० मीटर त्रिज्येचे २५ ठिपके आहेत. दोहोंचे क्षेत्र सारखेच, म्हणजे सुमारे दोन एकर. आता प्रत्येकाची कड वर्षाला एक मीटर पुढे सरकली, तर मोठा पट्टा सुमारे ३१७ चौरस मीटरने वाढेल. पण २५ ठिपके मिळून १,६५० चौरस मीटर, म्हणजे पाचपटीहून अधिक, नवी जमीन व्यापतील. तण कडेने पसरते आणि लहान ठिपक्यांची एकूण कड मोठी असते, हे यातील मर्म होय.

अर्धवट निंदणाचा तोटा

दुसरे उदाहरण बियांचे घेऊ. एका झाडाच्या १५,००० बियांपैकी हजारी एकच रुजून वाढले असे धरले, तरी पुढील हंगामात एकाची पंधरा झाडे होतात. शंभर झाडांपैकी निम्मी उपटली, तर उरलेल्या पन्नासांची ७५० होतील. मोकळी जागा असेपर्यंत हा क्रम चालू राहील. संख्या होती तेवढीच राखावयाची म्हटले, तरी शंभरांतील सुमारे ९३ झाडे बी धरण्यापूर्वी काढली पाहिजेत. घटवावयाची तर त्याहून अधिक. आकडे उदाहरणादाखल असले तरी बोध स्पष्ट आहे. जेथे हात घालावयाचा तेथे काम पुरते करावे.

गावाने करावयाची कामे

१. पावसाच्या आरंभी गावच्या नकाशावर गटवार लाल ठिपक्यांनी गाजरगवताच्या जागा दाखवाव्यात. रस्ते, नाले व ट्रॅक्टर ये-जा करतात त्या पांदणी विशेष पाहाव्यात, कारण वाहत्या पाण्याबरोबर व चाकांच्या चिखलाबरोबर बी पसरते.

२. दूरचे लहान ठिपके प्रथम काढावेत. जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, झाड मुळासकट उपटावे. हातमोजे घालावेत, तोंडास फडके बांधावे. फुलोऱ्यापूर्वीच्या झाडांचे कंपोस्ट करता येते. फुलोऱ्यावर आलेली झाडे उकिरड्यात टाकू नयेत.

३. मोठ्या पट्ट्यांत मेक्सिकन भुंगे सोडावेत. हे भुंगे १९८३ साली बंगलोर येथे आणण्यात आले व पुढील वर्षी प्रथम सोडण्यात आले. ते पावसाळ्यात गाजरगवताची पाने खातात. ते असतील तेथे तणनाशक फवारू नये.

४. मोकळ्या झालेल्या पडीक जागेत तरोट्याचे बी फेकावे. तरोटा दाट वाढून गाजरगवतास वाव देत नाही; त्याची कोवळी भाजीही होते.

५. पडीक जागी मिठाचे दाट पाणी फवारण्याचा उपाय इतरत्र सुचविला जातो. खारपाणपट्ट्यात तो करू नये. येथील जमिनीस क्षारांची भर नको.

जमिनीत पडलेले बी काही वर्षे जिवंत राहते. म्हणून साफ केलेल्या जागा नकाशावरून पुसू नयेत, प्रत्येक चांगल्या पावसानंतर त्या पुन्हा पाहाव्यात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्याच सुमारास गावाने सामुदायिक श्रमदान करून नकाशा तपासावा. एकाने आपले वावर स्वच्छ ठेवले आणि शेजारचा धुरा तसाच राहिला, तर पुढील पावसात तण परत येईल. यास्तव हे काम धुऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतकरी बंधूंनी मिळून करावे.