चमत्कार आणि वीस नाणी

मुलांनो, ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्यामुखी वेद वदवले, ही गोष्ट वर्गात सांगितली की प्रश्न ठरलेला: "हे खरंच घडलं?" आम्हां पालकांतही दोन तट पडतात. एक तट म्हणतो, चमत्कार म्हणजे दुसरे काही नाही, ज्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी अशी घटना. हे कितपत टिकते, ते एका खऱ्या घटनेवर तपासू या.

१ मार्च १९५०. नेब्रास्कातल्या बिअ‍ॅट्रिस गावी एका चर्चमध्ये संध्याकाळी गायकवृंदाचा सराव होता. सरावाची वेळ झाली आणि काही मिनिटांतच स्फोट होऊन इमारत कोसळली. पण आत कोणीच नव्हते! पंधराच्या पंधरा जणांना उशीर झाला होता. कुणाची गाडी सुरू होईना, कुणाचा जेवणानंतर डोळा लागला, कुठे मुलीच्या फ्रॉकला इस्त्री चालली होती, तर एक मुलगी भूमितीच्या गणितात अडकली होती. (गृहपाठाने जीव वाचल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही!)

वॉरन वीव्हर या गणितज्ञाने हिशेब मांडला. उशिराची वेगवेगळी कारणे दहा. प्रत्येकाची शक्यता चारात एक धरली, तर दहा वेळा चारने गुणून १०,४८,५७६ मध्ये एक. नाणे वीस वेळा उडवून वीसही वेळा छापा पडावा, नेमकी तेवढीच.

मात्र असा गुणाकार तेव्हाच करता येतो, जेव्हा एका कारणाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. आम्ही संगणकवाले इथे जरा संशयी. दोन यंत्रे एकाच प्लगवर असली तर दोन्ही एकदमच बंद पडतात! रात्र थंड असेल, तर सगळ्यांचीच पावले जड होतात आणि शक्यता वाढते. शिवाय सगळे उशिरा आले आणि इमारत जागेवरच राहिली, तर त्याची बातमी कोण छापणार?

आता पत्त्यांचा जोड पिसा. जो क्रम लागेल, त्याची शक्यता सुमारे आठावर सदुसष्ट शून्ये, इतक्यांत एक. बिअ‍ॅट्रिसपेक्षा कितीतरी दुर्मिळ! तरी कोणी हात जोडत नाही, कारण त्या क्रमावर कुणाचा जीव अवलंबून नसतो. म्हणून नुसत्या दुर्मिळपणाला चमत्कार म्हणणे आम्हांला पटत नाही.

१९९५ साली गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या, ते तर दुर्मिळही नव्हते. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून मूर्तीवर ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते.

रेड्याचे काय? उशिरा येण्याने निसर्गाचा कोणताही नियम मोडत नाही. रेड्याच्या घशातून ऋचा निघणे म्हणजे नियमच मोडणे, आणि डेव्हिड ह्यूमने १७४८ साली चमत्काराची व्याख्या हीच केली होती. तिथे गुणायला आकडेच नाहीत. ती गोष्ट सांगणाऱ्याला पैठणच्या पंडितांचा ताठा दाखवायचा होता, असे आमचे मत. आजीचे मत वेगळे असेल, तर तेही विचारून या.