जुन्या फिशटँकमध्ये पुन्हा पाणी भरण्यापूर्वी

गेल्या हिवाळ्यात सहा फूट लांबीचा एक जुना फिशटँक स्टँडसकट घरी आणला. नव्या टाकीच्या मानाने किंमत अगदीच किरकोळ होती आणि त्याची कारणं समोरच दिसत होती. काचेवर पांढरट थर, कोपऱ्यांतलं सिलिकोन काळवंडलेलं, स्टँडचा पाया ओल लागून फुगलेला. घासून-पुसून, रंग देऊन काम भागेल असं वाटलं होतं. पण टाकी ठेवायची होती ती दिवाणखान्यात, आणि तिच्या बरोबर खाली, बेसमेंटमध्ये, मुलीची खेळण्याची जागा आहे. त्यामुळे आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. त्यातून आणि नंतरच्या एका फजितीतून कळलं ते असं: जुन्या टाकीत जे कुरूप दिसतं ते बहुतेकदा निरुपद्रवी असतं, आणि जे धोक्याचं असतं ते सहजासहजी दिसत नाही.

पाणी किती जोर लावतं?

टाकी 180 सेंमी लांब आणि 45 सेंमी रुंद. पाण्याची उंची 50 सेंमी धरली तर 405 लिटर, म्हणजे 405 किलो पाणी. 12 मिमी जाडीच्या काचांचे साधारण 100 किलो, शिवाय वाळू, दगड आणि स्टँड. एकूण वजन 600 किलोच्या घरात जातं.

काचेच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा असतो तो आडवा दाब. पाण्याच्या पृष्ठभागाशी तो शून्य असतो आणि 50 सेंमी खोलीवर सुमारे 4.9 किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 5 टक्के. आकडा किरकोळ वाटतो. पण सरासरी दाबाला (2.45 किलोपास्कल) समोरच्या काचेच्या भिजणाऱ्या क्षेत्रफळाने (0.9 चौरस मीटर) गुणलं, की 2,200 न्यूटन बल येतं. सुमारे 225 किलो वजन त्या काचेला सतत बाहेर ढकलत असतं.

या हिशेबात टाकीची रुंदी कुठेच आली नाही, हे लक्षात आलं का? टाकी दीड फूट रुंद असो की पंधरा फूट, समोरच्या काचेवरचं बल तेवढंच. उंची मात्र दोनदा येते, एकदा दाबात आणि एकदा क्षेत्रफळात. म्हणून पाण्याची उंची दुप्पट केली की बल चौपट होतं. याचाच व्यावहारिक अर्थ असा की अर्धी टाकी भरून ‘गळत नाही’ असं म्हणणं म्हणजे फक्त पाव परीक्षा घेणं.

पांढरा थर आणि न दिसणारा ओरखडा

इथलं नळाचं पाणी चांगलंच दुष्फेन आहे. ते वाळलं की मागे उरतं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये कागदी रुमाल भिजवून काचेवर तासभर चिकटवून ठेवले, की अ‍ॅसेटिक आम्लात हा थर विरघळतो. उरलेला थर रेझर ब्लेडने खरवडता येतो. मोहस काठिण्यश्रेणीत हा थर 3 च्या आसपास आणि काच 5.5 च्या आसपास असल्यामुळे काचेला धक्का लागत नाही. सांभाळायचं ते वाळूच्या कणाला. वाळूतलं क्वार्ट्झ 7 काठिण्याचं असतं. ब्लेडखाली एक कण सापडला तरी काचेवर कायमची रेघ उठते.

ही रेघ नुसती दिसायला वाईट एवढंच नसतं. आदर्श काच जितका ताण सोसू शकेल, त्याच्या कितीतरी कमी ताणाला खरी काच फुटते. असं का, याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये दिलं: पृष्ठभागावरच्या बारीक भेगांच्या टोकाशी ताण एकवटतो. पाण्याने काच बाहेर फुगते तेव्हा तिच्या मधल्या भागात बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि आतला दाबला जातो. त्यामुळे मध्यभागी बाहेरून पडलेला खोल ओरखडा हा तिथल्याच आतल्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक. शिवाय पाण्याचे रेणू भेगेच्या टोकाशी काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजन बंध हळूहळू तोडत राहतात. आज टिकलेली काच काही महिन्यांनी त्याच भाराखाली फुटू शकते ती यामुळे. मी अंधारात टॉर्च तिरपा धरून सगळ्या काचा तपासल्या. बाहेरून बोटाच्या नखाला अडकेल असा ओरखडा किंवा कडेला टवका सापडला असता, तर टाकी सोडून दिली असती.

सिलिकोन: माझी फजिती

काचा जिथे एकमेकींना मिळतात तिथे दोन गोष्टी असतात. काचांच्या मधली पातळ शिवण भार घेते. आतल्या कोपऱ्यातली जाड पट्टी शिवणीचं रक्षण करते. माझ्या टाकीच्या शिवणी स्वच्छ होत्या, हवेचे बुडबुडे नव्हते. पट्टी मात्र एका कोपऱ्यात सुटली होती. मी तेवढ्याच भागावर नवं सिलिकोन फासलं. तिसऱ्या दिवशी तिथूनच थेंब टपकू लागले.

पृष्ठभागांवर थर कसे चिकटतात हा माझ्या रोजच्या संशोधनाचा विषय, त्यामुळे हे कुणाला सांगायचीही लाज वाटली. सिलिकोनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळीचा असतो, काचेचंही तसंच. म्हणून ओलं सिलिकोन स्वच्छ काचेशी रासायनिक बंध जोडू शकतं. पण एकदा वाळलेल्या सिलिकोनच्या पृष्ठभागावर मिथाइल गट असतात आणि त्यांना सहसा कशाशीच जोडून घ्यायचं नसतं. ज्या गुणामुळे केकचा सिलिकोनचा साचा सहज सुटतो, तोच गुण इथे आडवा येतो.

मग आतली सगळी पट्टी ब्लेडने काढली, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि चारही कोपरे व तळाच्या कडा एका दमात नव्याने भरल्या. सिलिकोन बुरशीरोधक रसायन नसलेलंच घ्यावं. बाथरूमसाठी मिळणारं माशांना घातक ठरू शकतं. भरताना व्हिनेगरचाच वास येतो, कारण हे सिलिकोन हवेतल्या बाष्पाशी प्रक्रिया करून घट्ट होताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं. बाष्प पृष्ठभागावरून आत झिरपतं, त्यामुळे जाडी दुप्पट तर वेळ साधारण चौपट. त्यात हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी. वरून बोटाला कोरडं लागलं तरी आत ओलं असू शकतं. मी पूर्ण आठवडा थांबलो.

स्टँड: वजनापेक्षा पीळ वाईट

फुगलेला पाया होता पार्टिकल बोर्डाचा. लाकडाचा भुसा दाबून, चिकटवून केलेलं हे बोर्ड एकदा भिजून फुगलं की पूर्ववत होत नाही. ते काढून 38 × 89 मिमी छेदाच्या पाइनच्या पट्ट्यांची चौकट केली. असा एक आखूड खांब तंतूंच्या दिशेने कित्येक टनांचा भार घेतो. अट एवढीच, की वरची आडवी पट्टी थेट खांबाच्या माथ्यावर टेकलेली हवी, नुसत्या स्क्रूंवर लटकलेली नको. चौकट बाजूला कलू नये म्हणून मागे प्लायवुडचा पत्रा ठोकला.

खरी काळजी सपाटीची. एक कोपरा 3 मिमी खाली असला तर टाकीला पीळ बसतो, आणि ताणात काच कच्ची. टाकी स्टँडवर ठेवून कडेने पत्त्यांतलं एक पान फिरवून पाहिलं, कुठेच आत शिरता कामा नये. पाणसळ लावून जो कोपरा खाली होता, तिथे पाचर स्टँडच्या पायाखाली घातली. टाकी आणि स्टँडच्या मधे पाचर घातली तर सगळा भार त्या एका बिंदूवर येतो.

इथल्या घरांत जमिनीखाली लाकडी तुळया असतात, बहुधा 40 सेंमी अंतरावर. टाकी तुळयांना काटकोनात, बाहेरच्या भिंतीलगत ठेवली, की चार-पाच तुळया भार वाटून घेतात. समांतर ठेवली तर तो एक-दोघींवरच पडतो.

परीक्षा

चाचणी गॅरेजमध्ये घेतली. पाव, अर्धी, पाऊण, मग पूर्ण, प्रत्येक टप्प्यावर एक दिवस. खाली कोरडे टिशू पेपर पसरले, कारण डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर डाग पाडतो. पूर्ण भरल्यावर आणखी सात दिवस वाट पाहिली. आठव्या दिवशीही कागद कोरडे होते.

आता टाकी दिवाणखान्यात आहे, भरलेली, पण मासे नाहीत. माशांच्या उत्सर्जनातल्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. मुलगी रोज विचारते, “मासे कधी?” मी टाकीखाली अजून एक टिशू ठेवलेला आहे. रोज सकाळी तो तपासतो आणि तिला सांगतो, “अजून थोडे दिवस.”