लोकमान्यांचे मुंबईतले बिऱ्हाड

बालमित्रांनो, आपण इंदापूरहून मुंबईला गेलो, की पहिला प्रश्न असतो उतरायचे कुठे? पुण्याच्या लोकमान्य टिळकांना तो फारसा पडत नसे. मुंबईत त्यांचा मुक्काम ठरलेला: क्रॉफर्ड मार्केटसमोरचे सरदारगृह. राजवाडा नव्हे हं, ते एक लॉजच होते!

तिथून पायी निघा. रस्ता ओलांडला की १८६९ सालची मंडई लागते. आता तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे. आत शिरण्याआधी जरा मान वर करा. दारावर दगडात कोरलेले शेतकरी दिसतील, अगदी आपल्या शिवारातल्यासारखे! ही शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. ते जवळच्याच जे. जे. कलाविद्यालयात शिकवत. तिथेच १८६५ साली त्यांचा मुलगा रुडयार्ड जन्मला. तुमचा लाडका मोगली त्याच्याच लेखणीतून उतरला.

जुलै १९२० मध्ये लोकमान्य नेहमीप्रमाणे सरदारगृहात उतरले आणि आजारी पडले. १ ऑगस्टला तिथेच त्यांची प्राणज्योत मालवली. भर पावसात अफाट जनसमुदाय लोटला. गिरगाव चौपाटीवर त्यांना अखेरचा निरोप दिला गेला.

तेव्हा मंडईत गेलात, तर नुसती फळे घेऊन परतू नका. समोरच्या सरदारगृहाकडेही घटकाभर पाहा. आईबाबांनाही दाखवा!